धूळ खाली बसेपर्यंत

विरारच्या फुलपाड्यातली धूळ ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात ती नसतेच. तेव्हा चिखल असतो, चपलेमागून पोटऱ्यांवर उडणारा आणि जिन्याच्या पायऱ्यांवर वाळून राहणारा. ऑक्टोबरचं ऊन तापलं की तोच चिखल रिक्षांच्या चाकांखाली भरडला जातो आणि तांबूस भुकटी होऊन खिडकीच्या गजांवर येऊन बसतो. दिवाळीनंतर बांधकामं जोर धरतात, तेव्हा त्यात राखाडी सिमेंट मिसळतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेचा वारा डोंगराकडून आला की पापडखिंड धरणाच्या अंगाला वाळलेल्या गवताचा बारीक चुरा घरात येतो. आमच्या चाळीतल्या बायका फळीवर बोट फिरवून सांगतात, ही रस्त्याची, ही बिल्डिंगची, ही स्वयंपाकघरातली तेलकट. त्या त्या धुळीला फडकंही वेगळं लागतं. तेलकट धुळीवर कोरडं फडकं मारलं तर ती नुसती पसरते, आणि सिमेंटच्या धुळीवर ओलं फडकं मारलं तर पांढरे ओघळ उरतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. वर्षानुवर्षं हाताने केलं, आणि हाताला कळलं.

यातल्या कितीतरी जणी घरचा केर काढून, डबा भरून, तेच काम पगारावर करायला मुंबईला जातात. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. पहिली लोकल पहाटे चारच्याही आधी सुटते. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅक बेला पहिली गाडी गेली तेव्हा दिवसाला एकच फेरी होती. आज त्याच मार्गावर पहाटेच्या गाड्यांचे लेडीज डबे भरून जातात, आणि त्यात हाउसकीपिंगच्या बायका मोठ्या संख्येने असतात. युनिफॉर्म पिशवीत घडी करून ठेवलेला असतो, कारण गर्दीत चुरगळला तर सुपरवायझर बोलतो. ‘तुझी साइट कुठली?’ ‘बीकेसी.’ ‘माझी अंधेरी होती, आता गोरेगावला टाकलंय.’ ऑफिस, मॉल, हॉस्पिटल, बँक, सगळ्याला एकच शब्द, साइट. तिथे शहर कामाला लागायच्या आत त्यांना पोचायचं असतं. लोक येतात तेव्हा टेबलं पुसलेली, फरशी चकचकीत, टोपल्या रिकाम्या असतात, आणि हे कुणी केलं असा प्रश्न कुणाला पडत नाही.

मी एका ऑफिसात हिशेबाच्या विभागात आहे. नंतरच्या गाडीत चढायला मिळत नाही म्हणून लवकर निघते आणि इतरांच्या तासभर आधी पोचते. त्या तासात मजल्यावर आम्ही दोघीच असतो, मी आणि मजल्याची सफाई करणाऱ्या काकी. ऑफिसात त्यांना सगळे मावशी म्हणतात आणि त्या मला मॅडम म्हणतात. पण आम्ही एकाच स्टॉपवर शेअर रिक्षातून उतरणाऱ्या, त्यामुळे इतर कुणी नसलं की काकी आणि ताई. त्या तासाने मला एक गोष्ट पटवून दिली आणि तीच मला इथे सांगायची आहे. धूळ काढणं हे पूर्ण शास्त्र असलेलं काम आहे. त्याला क्रम आहे, हत्यारं आहेत, कारणमीमांसा आहे, आणि ते नीट येण्यासाठी माणसाची वर्षं जातात.

काकी आल्या आल्या काही हातात घेत नाहीत. दिवेही लावत नाहीत. दाराशी उभ्या राहून मजला बघतात. पूर्वेच्या काचांतून तिरपा उजेड फरशीवर येतो आणि त्या उजेडात काल संध्याकाळपासूनची धूळ स्पष्ट दिसते. कुठे पावलांचे पट्टे, कुठे खुर्चीच्या चाकांच्या रेघा, पॅन्ट्रीच्या दाराशी साखरेचे कण. वरचे दिवे लागले की उजेड सरळ खाली पडतो आणि हे सगळं दिसेनासं होतं. म्हणून त्या आधी पाहून घेतात, मनाशी ठरवतात, मग बटणं दाबतात. एसी मात्र तेव्हाही लावू देत नाहीत. ‘ताई, वारा सुरू झाला की माझं अर्धं काम वाया.’

मग क्रम. वरून खाली, आतून बाहेर, कोरडं आधी, ओलं नंतर. एसीच्या जाळ्या, कपाटांचे माथे, घड्याळाची चौकट, पार्टिशनच्या कडा, मग टेबलं, मग खुर्च्यांचे हात आणि पाय, मग भिंतीच्या तळाची पट्टी, आणि सर्वांत शेवटी फरशी. खोलीत शिरल्यावर उजव्या हाताची भिंत धरायची आणि तिच्या कडेकडेने फिरत पुन्हा दारापाशी यायचं, म्हणजे काही सुटत नाही. मध्येच कुणी हाक मारली, टेलिफोन वाजला, तरी आपण कुठवर आलो हे विसरायला होत नाही, कारण मागचं सगळं झालेलं असतं आणि पुढचं सगळं राहिलेलं.

कपड्याची घडी हा मी पाहिलेला सगळ्यात सुंदर भाग. चाळीस सेंटिमीटरचा चौकोनी मायक्रोफायबरचा कपडा. एकदा दुमडायचा, पुन्हा दुमडायचा, की पंजाएवढा चौकोन होतो. त्याला आता आठ बाजू आहेत. पहिल्या बाजूने पुसायचं. ती मळली की उलटायचा. मग उलगडून आतली बाजू बाहेर काढायची. असं करत आठव्या बाजूपर्यंत. आठवी मळली की कपडा पिशवीत आणि दुसरा हातात. एकाच कपड्याचा बोळा करून सगळ्या टेबलांवरून फिरवणं म्हणजे पहिल्या टेबलाची धूळ दहाव्या टेबलावर नेऊन पोचवणं. काकींचा हात कधी गोल फिरत नाही. पलीकडच्या कडेपासून सुरुवात, सरळ पट्टा, परत येताना आधीच्या पट्ट्यावर दोन बोटं चढवून दुसरा. टेबलाच्या कडेला आल्यावर त्या कपडा झटकत नाहीत. कडेखाली दुमडून धूळ आत घेतात. तो दुमडण्याचा क्षण इतका लहान असतो की मला तो दिसायलाच बरेच दिवस लागले. एकदा दिसल्यावर मात्र कुठेही, कुणाचाही हात टेबलाच्या कडेशी कसा वागतो तेच मी बघत राहते.

टेबलावरचे कागद त्या हलवत नाहीत. पेनांचं भांडं उचलतात, खालचं पुसतात आणि होतं तिथे, होतं तसं ठेवतात. वस्तू बोटभर सरकली तरी तिच्या धन्याला कळतं आणि मग काही हरवलं की पहिलं नाव कुणाचं निघतं हे त्यांना ठाऊक आहे. मॉनिटरवर कधी थेट फवारा मारत नाहीत, पाणी कडेतून आत जातं. कपड्यावर एक फवारा, मग हलक्या हाताने वरून खाली. प्रिंटरजवळची काळी पूड वेगळी. ती टोनरची, म्हणजे मुख्यत्वे प्लॅस्टिकची भुकटी. गरम पाणी लागलं की वितळून चिकटते आणि झाडलं की हवेत उडते. तिला थंड पाण्यात पिळलेला कपडा, हळूच टेकवून उचलायचा. काच म्हटली की आर-थ्रीची बाटली, टेबल-फरशीला आर-टू, संडासाच्या भांड्याला आर-सिक्स. संडासाचे कपडे लाल, पॅन्ट्रीचे हिरवे, बाकी मजल्याचे निळे, आणि एकाची सावलीही दुसऱ्यावर पडू द्यायची नाही. ॲसिड आणि ब्लीच एका बादलीत आलं तर क्लोरीन वायू सुटतो, हे त्या नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगतात, नाव-गाव विचारायच्याही आधी.

हे सगळं असंच का, याची कारणं मी नंतर शोधली. धुळीचा कण जितका बारीक तितका तो हवेत रेंगाळतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा कण, म्हणजे दहा मायक्रॉनचा, निवांत हवेत एक मीटर खाली यायला पाच-सहा मिनिटं घेतो. त्याच्याही दहाव्या हिश्श्याचा, एक मायक्रॉनचा कण घेतो सुमारे आठ तास. पंखा किंवा एसी चालू असेल तर हा हिशेबच उरत नाही, कण फिरतच राहतो. पिसांच्या झटकणीने कपाट झटकलं की डोळ्यांना ते स्वच्छ दिसतं. पण त्यावरची धूळ खोलीच्या हवेत लटकलेली असते. जड कण चहा होईपर्यंत टेबलावर उतरतात, हलके कण ऑफिस भरल्यावर लोकांच्या छातीत जातात. धूळ जागची हलवणं आणि धूळ उचलणं यांत एवढा फरक आहे. मायक्रोफायबरचा धागा केसाहून कितीतरी पटींनी बारीक आणि चिरलेला असतो. पॉलिस्टर आणि नायलॉनचे ते पदर कोरडे घासले की त्यांवर स्थिर वीज येते आणि धूळ त्यांना चिकटते. म्हणून त्या कपड्याला सुती कपड्यांबरोबर धुवायचं नाही, कारण सुताची कुसं त्यात अडकतात. कपडे मऊ करण्याचं औषधही घालायचं नाही, त्याने धाग्यांच्या फटी बुजतात. काकींना मायक्रॉन ठाऊक नाहीत. पण एसी बंद ठेवायचा आणि कपडा झटकायचा नाही हे त्यांना जितकं पक्कं ठाऊक आहे, तितकं ते आकडे पाठ असलेल्या मला नव्हतं.

एका बाबतीत आमचं बरंच बोलणं झालं. घरी आपण आधी केर काढतो आणि मग फर्निचर पुसतो. ऑफिसात उलटं, आधी टेबलं आणि मग फरशी. खरं कोणतं? ट्रेनिंगला सांगतात वरून खाली, मग आपल्या आया-आज्या चुकत होत्या का? काकींचं उत्तर मला फार आवडलं. ‘घरी झाडू असतो ना. झाडू धूळ उडवतो. म्हणून आधी झाडायचं, जरा थांबायचं, धूळ खाली बसू द्यायची, मग फडकं मारायचं. इथे मॉप आहे. मॉप उडवत नाही.’ म्हणजे क्रम हत्यारावरून ठरतो. जिच्या हातात फुलझाडू आहे तिने ऑफिसचा क्रम घरी आणला तर तिचं पुसलेलं टीव्हीचं कपाट पाच मिनिटांत पुन्हा मळेल. आजी केर काढून झाल्यावर चूल पेटवायला जायची, पाणी भरायला जायची, आणि फडकं त्यानंतर हातात घ्यायची. मधला तो वेळ धुळीला खाली बसायला पुरायचा. अंगणात झाडण्याआधी ती हाताने पाणी शिंपडायची. मोठ्या गोदामांत झाडण्याआधी ओला लाकडी भुसा पसरतात, त्याचंही कारण हेच. ओलसर कणाला बारीक कण चिकटतात आणि जड होऊन जमिनीवर राहतात.

फरशीचा कोरडा मॉप म्हणजे दोन फूट रुंदीची सुती झालर आणि लांब दांडा. तो ढकलायचा, ओढायचा नाही. एकदा टेकवला की खोलीचं दुसरं टोक येईपर्यंत उचलायचा नाही, कारण उचलला की पुढच्या कडेला जमलेली धुळीची वळी तिथेच सांडते. भिंतीशी आल्यावर मनगट फिरवून मॉप वळवायचा, पण पुढची कड पुढेच राहिली पाहिजे. परतीच्या पट्ट्यात आधीच्या पट्ट्याचा चार बोटं भाग घ्यायचा. शेवटी सगळी धूळ दाराजवळ एका जागी आणून सुपलीत भरायची. सुपली पुढे, आपण मागे. एक रेघ उरते, सुपली बोटभर मागे घेऊन तीही भरायची, पुन्हा उरते, पुन्हा. शेवटच्या रेघेला ओला कपडा टेकवायचा. घरी ती रेघ आपण पायाने पायपुसण्याखाली सारतो. ओला मॉप त्यानंतर, दोन बादल्या घेऊन. एकीत औषधाचं पाणी, दुसरीत मळकं पाणी पिळायचं. इंग्रजी आठाचा आकार काढत मागे मागे यायचं, म्हणजे पुसलेल्यावर आपलंच पाऊल पडत नाही. पाटी लावायची, ‘ओली फरशी’. पाटी न लावता कुणी घसरलं तर दोष तिचाच.

त्या दोन बादल्यांकडे बघताना मला फुलपाड्यातली पाण्याची पिंपं आठवतात. वसई-विरारच्या कितीतरी वस्त्यांनी वर्षानुवर्षं टँकरच्या वेळा पाहून दिवस आखले आहेत. काकी ऑफिसात मळकं पाणी दर दोन खोल्यांनी बदलतात, कारण मळक्या पाण्याने पुसणं म्हणजे मळ सारखा पसरवणं. घरी मात्र अर्ध्या बादलीत दोन खोल्या आणि गॅलरी पुसून तेच पाणी संडासात ओततात. नीट पुसायला किती पाणी लागतं हे पक्कं ठाऊक असताना रोज त्याहून कमी पाण्यात भागवणं सोपं नाही. त्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत.

झाडूबद्दल मात्र भरभरून बोलतात. शिंदीच्या पानांची केरसुणी मातीच्या, सारवलेल्या जमिनीची. पानाची रुंद कड माती न उकरता केर पुढे घेते. त्या केरसुण्या मातंग समाजातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बांधत आली. लक्ष्मीपूजनाला जिला आपण हळद-कुंकू लावतो तिच्यामागे त्यांच्या बोटांचं कसब आहे. माडाच्या हिरांचा खराटा अंगणाचा आणि ओल्या मोरीचा. वसईच्या पट्ट्यात माड भरपूर, म्हणून खराटेही मुबलक. फुलझाडू ईशान्येकडच्या डोंगरी गवताच्या तुऱ्यांचा, गुळगुळीत लादीसाठी. नवा फुलझाडू आणला की तो स्वतःच घरभर बारीक भुसा सोडतो. त्याला आधी गच्चीवर नेऊन काठीवर आपटायचं, मग पाण्यात बुडवून उन्हात उभा वाळवायचा. ठेवायचा तो टांगून, तुऱ्यांवर उभा ठेवला की ते एका अंगाला वाकतात आणि मग झाडताना अर्धी रुंदी वायाच जाते. लादी बदलली तशी हत्यारं बदलली. शेणाची जमीन गेली, शहाबादी आली, मग मोझॅक, आता सगळीकडे व्हिट्रिफाइड. त्या चकचकीत टाइल्सवर केसही दिसतो. त्यामुळे काम वाढलं, कमी झालं नाही.

पण आपल्या झाडूंचा एक दोष मोठा आहे, दांडा आखूड. कमरेत वाकून, डाव्या हाताने पदर सावरत, एकेक खोली झाडायची. पंचविशीत हे कळत नाही. चाळिशीत पाठ बोलू लागते. मॉपचा दांडा माणसाच्या हनुवटीइतका किंवा खांद्याइतका उंच असावा, पाठ ताठ राहावी, जोर पायांतून यावा. बहुतेक साइटवर दांडे एकाच मापाचे असतात, आणि काकींसारख्या उंच बाईला आठ तास वाकावं लागतं. लेडीज डब्यात संध्याकाळी परतताना कमरेवर हात ठेवून बसलेल्या बायका मोजायची गरज नाही. त्या असतातच.

महाराष्ट्राला हातातल्या झाडूचं मोल कळायला उदाहरणांची कमतरता नव्हती. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावला २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी जानोरकर, आपले गाडगेबाबा, गावात शिरले की आधी झाडू हातात घेत. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात माणसांची डोकी. लोक कीर्तनाला गोळा होत, पण त्याआधी दिवसभर त्यांनी या माणसाला झाडताना पाहिलेलं असे. माझ्या मते कीर्तनाची निम्मी ताकद तिथे होती. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, आणि २००० साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. सेनापती बापटांनी पारनेरला पहाटे उठून रस्ते झाडले, आणि मुंबईत झाडूवाल्यांना संघटित केलं. या दोघांची चित्रं सरकारी भिंतींवर आहेत. ज्यांनी झाडू स्वेच्छेने उचलला त्यांना आपण मोठं मानलं, आणि ते योग्यच केलं. ज्यांच्या हातात जातीने झाडू दिला, आणि ज्या आज पोटासाठी तो उचलतात, त्यांच्या कामाकडे मात्र काम म्हणून आपण पाहत नाही. गाडगेबाबा झाडायचे तसंच कुणीतरी आपला मजलाही रोज झाडतं, हे दोन विचार एका डोक्यात एकाच वेळी येत नाहीत.

याचा लेखी पुरावा पगाराच्या चिठ्ठीवर असतो. किमान वेतनाच्या वर्गवारीत कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे गट आहेत, आणि झाडलोटीचं काम बहुधा शेवटच्या गटात पडतं. काकींच्या चिठ्ठीवर इंग्रजीत तेच छापलेलं आहे, ‘अनस्किल्ड’. दुसरीकडे सरकारच्याच कौशल्य विकासाच्या चौकटीत ‘हाउसकीपिंग अटेंडंट’ या कामाचा अभ्यासक्रम आहे, त्याची परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे. काकींची भाची तो पूर्ण करून आली. तिला रंगांचे कपडे, रसायनांची मापं, घडीच्या आठ बाजू, सगळं शिकवलेलं होतं. कौशल्याचं प्रमाणपत्र घेऊन ती ज्या नोकरीला लागली त्या नोकरीच्या चिठ्ठीवर पुन्हा तोच शब्द आला. यावर काकी म्हणाल्या, ‘मग परीक्षा कशाची घेतली?’ मला उत्तर देता आलं नाही.

दुसरी गोष्ट कंत्राटाची. मजला रोज मळतो. रविवार सोडला तर झाडावा लागला नाही असा दिवस नाही. याहून कायमस्वरूपी काम ऑफिसात दुसरं कुठलं असेल? पण कंत्राटदार दर काही महिन्यांनी बदलतो, नवा युनिफॉर्म येतो, नवं ओळखपत्र येतं, आणि तेरा वर्षं तोच मजला झाडणारी बाई कागदावर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. मुंबई महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांनी हा प्रश्न कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या मार्फत न्यायालयात नेला, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सुमारे २७०० कामगारांनी कायम होण्याचा हक्क मिळवला. ती रस्त्यावरची सफाई होती, मालक महापालिका होती. खासगी ऑफिसांच्या मजल्यांवर विखुरलेल्या बायकांना असं एकत्र येणं फार अवघड. एका साइटवर चौघी, दुसरीवर दोघी, आणि सगळ्या एकत्र भेटतात त्या फक्त पहाटेच्या डब्यात.

त्या डब्यातच आमचा अर्ज ठरला. काकी, त्यांची भाची आणि आणखी काही जणी. मला लिहिता येतं म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिला अर्ज कंत्राटदाराला दिला, मागण्या तीन. दांडे उंचीप्रमाणे कमीजास्त करता येतील असे मॉप, जिथे झाडू वापरावाच लागतो तिथे तोंडाला मास्क, आणि वर्गवारी किमान अर्धकुशल. दांडे आले. मास्कही आले, पातळ आहेत पण आले. वर्गवारीबद्दल ‘वर विचारतो’ एवढंच उत्तर मिळालं, आणि वर म्हणजे कोण हे कुणी सांगेना. म्हणून आता कामगार खात्याच्या कार्यालयात द्यायला दुसरा अर्ज करतो आहोत. त्यात कामाचं सविस्तर वर्णन हवं, असं एका वकील बाईंनी सांगितलं. काय करता, कशाने करता, किती काळजी घ्यावी लागते, चुकलं तर काय बिघडतं, सगळं.

मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, ‘कार्यालयाची दैनंदिन साफसफाई करणे.’ काकींनी ते वाचायला लावलं आणि मान हलवली. ‘यात काय कळलं कुणाला?’ तेव्हापासून रविवारी दुपारी त्यांच्या गॅलरीत बसून आम्ही लिहितो. त्या सांगतात, भाची मध्ये मध्ये दुरुस्त करते, दोघींचं कधी पटत नाही, मग भाची आत जाऊन कपडा आणते आणि करूनच दाखवते. तिरपा उजेड, एसीची जाळी, कपाटाचा माथा, टेबलाच्या कडेशी कपडा दुमडणं, टोनरला थंड पाणी, दोन बादल्या, मागे मागे येणं. लिहिता लिहिता चार पानं भरली आहेत, आणि अजून आम्ही संडासांपर्यंत पोचलेलो नाही.